वाढणारीला दिसणारी पंगत

मार्गशीर्ष सरत आला की माझ्या तळहातांना हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेचा वास यायला लागतो. राहते सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. हरभऱ्याचं शेत इथून कितीतरी कोस लांब. तरी येतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोक्याचा फोटो काढायला लावतील, म्हणून सांगत नाही. चारआठ दिवस मी आपली गुपचूप हात हुंगत बसते आणि मग लोहाऱ्याकडून बसूचा, माझ्या भाच्याचा, फोन येतो. "आत्या, येळवस रविवारी आलीया. गाडी पाठवू का एस्टीनं येताव?" बसूला मी दरवर्षी सांगते, "बघते रे, गुडघे काय म्हणतात ते." आणि फोन ठेवते तेव्हा पिशवी भरून झालेली असते.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. पुण्याकडच्या माणसांना हा सण ठाऊक नसतो, आणि कौतुकानं सांगायला जावं तर "म्हणजे सहलच की," असं म्हणतात. मी त्यांना पुढचं सांगत नाही. ज्याला सगळं गाव घराला कडी लावून शेतात गेलेलं पाहायला मिळालं नाही, त्याला काय सांगायचं? आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. तेही भज्जीच्या वासामागं शेतात येतं. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. मग एकानं ताक-पिठाची आंबिल शिंपडत कोपीभोवती फिरायचं आणि मागून सगळ्यांनी "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणून ओरडायचं. त्यातलं अर्धं कानडी आहे आणि अर्धं कुणालाच कळत नाही, पण न ओरडता राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. आणि वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. नाही म्हणणाऱ्याचा आमच्याकडं खराखुरा राग येतो.

पण माझ्या तळहातांचा वास या सगळ्या येळवशींचा नाही. तो एकाच वर्षाचा आहे.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. निजामाचं राज्य जाऊन दहाबारा वर्षं झाली होती. आमच्या वस्तीवरून लोहाऱ्याच्या शाळेला पायवाटेनं तासभर लागायचा आणि ती वाट हरभऱ्यातून जायची. सकाळच्या दवात झाडांच्या शेंड्यांवरून दोन्ही तळहात फिरवत चालायचं आणि मग चाटायचे. जीभ आंबटढाण व्हायची. माझ्या भूमितीच्या वहीला, रुमालाला, पेनाच्या टोपणालासुद्धा तोच वास होता. पुढं जोंधळा डोक्याच्या वर गेलेला. त्यात शिरलं की शाळेपर्यंत आभाळाची एक पट्टीच दिसायची. परीक्षेचा अभ्यास मी त्या पट्टीखाली चालता चालता केला आहे, आणि अजूनही मला कुठलाही अवघड विचार खुर्चीत बसून सुचत नाही.

आमच्या शास्त्राच्या मास्तरांना सगळे वामनराव सर म्हणत. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले. घरच्यांनी देवीपुढं उभं राहायला सांगितलं तर हे हैदराबादला पदार्थविज्ञान शिकायला पळाले, आणि तेही उर्दूतून, कारण तेव्हा तिथं सगळी शास्त्रं उर्दूतच शिकवत. पुढं राज्य गेलं, पुस्तकं मराठी झाली, पण सरांच्या डोक्यातली वीज उर्दूतच वाहत राहिली. रंगात आले की "बर्की रौ, बर्की रौ" म्हणायचे, मग कानाला हात लावून "विद्युतप्रवाह, विद्युतप्रवाह" असं दोनदा म्हणायचे. आम्हाला त्यांची ही फजिती फार आवडायची. ते चिडायचे नाहीत. शिकवताना एवढा आनंद झालेला माणूस मी पुढं विद्यापीठातही फार पाहिला नाही.

गावात तेव्हा खांब उभे राहिले होते, तारा यायच्या होत्या. म्हणून सरांनी एका लॉरीवाल्याकडून तासाभरासाठी बॅटरी मागून आणली. शाळेच्या घंटेच्या लाकडी चौकटीला सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या दोन लांब पट्ट्या शेजारीशेजारी टांगल्या. दोन्हींतून एकाच दिशेनं वीज सोडली, आणि त्या पट्ट्या हलल्या, जवळ आल्या आणि एकमेकींना चिकटल्या. मग एकीची जोडणी उलटी केली. आता एकीत वीज खाली जात होती आणि दुसरीत वर. पट्ट्या फटकून लांब गेल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला.

"सर, तारेत धन जितकं तितकंच ऋण असतं म्हणालात. म्हंजे तार सारखीच. ना धन ना ऋण. मग ह्या पट्टीला त्या पट्टीची ओढ कशाची?"

"चुंबकक्षेत्र तयार होतं," सर म्हणाले. पुस्तकातही एवढंच होतं.

"ते नाव झालं, सर. कशामुळं ते सांगा की."

सरांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "पुस्तकात नाही," ते म्हणाले. "पण हैदराबादला मी हे एकदा ऐकलंय. मला चार दिवस दे." मास्तरनं मुलीकडं चार दिवस मागायचे, हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. नंतर स्वतः शिकवायला लागले तेव्हा कळलं की यासाठी किती मोठं मन लागतं.

चार दिवसांनी शाळेच्या ओट्यावर त्यांनी उर्दूतली एक जुनी वही उघडली. उजवीकडून डावीकडं वाचत त्यांनी मला डावीकडून उजवीकडं समजावलं. त्या गोष्टीला मराठीत सापेक्षता म्हणतात. सर तिला इजाफियत म्हणायचे. सांगायला लागले की आगगाडी, फलाट, गाडीतला माणूस, फलाटावरचा माणूस असं उदाहरण द्यायचे. मी आगगाडी पाहिली नव्हती. पंगत मात्र पाहिली होती, आणि तीही चांगलीच जवळून.

कारण आमचे अप्पा म्हणजे पंगतीचे कारभारी. पंचक्रोशीत कुणाचं लग्न असो, जत्रेचा भंडारा असो, अप्पांशिवाय पान मांडलं जात नसे. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात काही नाही. पंगतीच्या डोक्याशी उभं राहायचं आणि एक नजर टाकून सांगायचं, अजून अकरा पानं बसतील. बसायची. खूश झाले की कानडीत शिरायचे, "हौदु, हौदु" करायचे. म्हणजे व्हय, व्हय. आणि प्रत्येक पंगतीनंतर त्यांचं आणि अव्वाचं, म्हणजे आमच्या आईचं, ठरलेलं भांडण व्हायचं.

"पाच पानांमागं एक वाढणारी दिलीया. बरोबर बसतंय. तरी कमी कसं पडतं तुमाला?"

"पडतं."

"अगं, पण कसं?"

"तिथं हुभं राहून न्हाय कळायचं," अव्वा म्हणायची आणि भांडी घासायला जायची. अप्पांना हे उत्तर म्हणजे बायकांची टाळाटाळ वाटायची. मलाही तसंच वाटायचं, कारण मी अप्पांची मुलगी होते आणि शाळेत जात होते.

त्या साली घरात दुसरीही एक गोष्ट शिजत होती. वामनराव सरांनी अप्पांना सांगितलं होतं की मुलीला मॅट्रिकनंतर सोलापूरला कॉलेजात घाला, शास्त्र शिकवा. सोलापुरात मामा होता, राहायची अडचण नव्हती. पण आमच्या भावकीत माझ्याआधी सातवीच्या पुढं गेलेली मुलगी नव्हती. अप्पा वाईट नव्हते, नुसते चिवट होते. "तिथं जाऊन असं काय शिकणार, जे हितं न्हाय?" एवढंच म्हणत राहायचे. मी रडले, जेवले नाही, पुन्हा जेवले. शेवटी ते म्हणाले, "येळवशीला सांगतो. एक कर. तिथं शिकवत्यात असली एकच गोष्ट मला सांग. मला ठावं नसलेली पायजे, अन् माझ्या डोक्यात शिरली पायजे. शिरली तर जा सोलापूरला. न्हाय शिरली तर गप माझं ऐकायचं."

मला महिनाभर मिळाला. बाकीची मुलं इतिहासातल्या लढाया पाठ करत होती आणि मी जोंधळ्यातून चालता चालता पंगती मांडत होते. कधी बसलेल्यांना चालवायची, कधी चालणाऱ्यांना बसवायची. अव्वा चुलीपुढं भाकरी थापायची आणि विचारायची, "काय पुटपुटतीस गं?" मी म्हणायचे, "तुला न्हाय कळायचं." तिला अक्षरओळख नव्हती, तिला कशाला सांगायचं, असं मला खरोखरच वाटत होतं. हे लिहितानाही मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

येळवस उजाडली. बायकांनी पहाटेच चुली पेटवल्या होत्या. आंबिलीची बिंदगी, म्हणजे मोठी घागर, अव्वाच्या डोक्यावर. माझ्या डोक्यावर बाजरीच्या उंड्यांची पाटी. काकूकडं भज्जीचं पातेलं. आमची भज्जी म्हणजे तेलात सोडायची भजी नव्हे. ओला हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, चाकवत, गाजरं, हाताला लागेल ते रान बेसनताकात शिजवायचं. शेतात तीन दगड मांडून ती पुन्हा गरम करत. तिचा वास सुटला की माणसं बोलायची थांबतात. करडई फुलायला आली होती, चिंचेखाली सारवून घेतलं होतं. वामनराव सर लोहाऱ्याहून चालत आले, धोतराला कुसळं घेऊन. पन्नास पानं मांडली होती, पंचवीस एका ओळीत, पंचवीस समोर. पुरुष बसले. बायका वाढायला निघाल्या. रीत अशी की एका ओळीनं वाढत खाली जायचं, टोकाला वळायचं आणि समोरच्या ओळीनं वाढत परत यायचं.

अप्पा त्यांच्या जागी, पंगतीच्या डोक्याशी उभे होते. सर पानावरून माझ्याकडं पाहून नुसते मान हलवत राहिले.

"अप्पा, ही पंगत म्हंजे तार," मी म्हणाले. "बसलेली माणसं धन. ती हलत न्हाईत. वाढणाऱ्या ऋण, त्या चालत्यात. समजा, एका पानामागं एक वाढणारी हाय."

"एवढं नशीब कुठलं गं बाई!" काकू म्हणाली. पंगत हसली.

"समजा की. तुमी हितं हुभं राहून बघितलं तर पानं जितकी, वाढणाऱ्या तितक्या. बरोबर?"

"बरोबर. तेच तर म्या दरसाल सांगतुया." हे त्यांनी अव्वाकडं पाहून म्हटलं.

"आता चला. वाढणाऱ्यांच्या बाजूनं, त्यांच्याच चालीनं."

अप्पा थबकले. आयुष्यात ते पंगतीच्या कडेनं वाढणाऱ्यांबरोबर चालले नव्हते. पण शब्द दिला होता. उपरणं सावरून चालायला लागले, काकूच्या बरोबरीनं.

"काकू तुमच्या संगं चालतीया. म्हंजे तुमच्या नजरंला ती हाय तिथंच हाय. अन् बसलेली माणसं?"

अप्पांनी पाहिलं. "मागं चालल्यात."

"मग आता सरांनी सांगितलेली गोष्ट. जे आपल्या नजरंसमोरून जातं, ते जायच्या दिशेनं आखडतं. मधली जागाबी आखडती. डोळ्याचा भास न्हाय. मोजलं तरी तसंच भरतं. म्हणून तुमच्यासाठी माणसं दाटीनं बसल्यात. अन् वाढणाऱ्या तुमच्या संगं, म्हणून त्या आखडत न्हाईत, सुट्या सुट्या दिसत्यात. आता सांगा, जास्त काय अन् कमी काय?"

अप्पा पानं मोजायला लागले. तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून, बिंदगी कमरेवर घेतलेली अव्वा म्हणाली, "माणसं लई अन् हात कमी. हे कळायला सोलापूर कशाला? वाढणारीला रोजच दिसतंय."

सगळ्या बायका एकदम हसल्या. सरांना आंबिलीचा ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी चकित झाले होते. माझ्या महिन्याभराच्या पुटपुटण्याचं सार तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

"तेच, तेच," मी घाईनं म्हणाले. "शेजारच्या तारेतला ऋण कण असाच चालत असतो, अप्पा. जमिनीवर हुभं राहणाऱ्याला ही पंगत सारखी दिसती. त्याला दिसत न्हाय. त्याला धन जास्त दिसतं. म्हणून तो हिकडं ओढला जातो. त्यालाच आपण चुंबकाची ओढ म्हणतो. ती निराळी काही न्हाय, विजेचीच ओढ हाय, चालत चालत बघितलेली."

"पण मास्तर," अप्पा म्हणाले, "चालल्यानं आखडतं, तर म्या तुळजापूरला चालत जातो तवा वाट का कमी होत न्हाय?"

"होते," सर म्हणाले. "पण इतकी थोडी की लिहायला बसलात तर आधी वहीची ओळभर शून्यं काढावी लागतील, मग कुठं एक आकडा. आणि तारेतले कण तर मुंगीहून हळू चालतात."

"मग एवढ्याशानं पट्टी हलती?"

"कण किती, ते धरा ना. तुमच्या अख्ख्या शिवारातले जोंधळ्याचे दाणे त्यापुढं चिमूटभर."

अप्पा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे काट्याच्या दोन्ही पारड्यांत डोंगर ठिवल्यात. सारखे. अन् एकीकडं तीळ पडला." सरांनी मांडीवर थाप मारली. अप्पा खुलले. "हौदु, हौदु." मला वाटलं, झालं. सोलापूर झालं.

पण अप्पांचं तोंड पुन्हा गंभीर झालं. पंगतीचा कारभारी जागा झाला होता. "थांबा. पानं पन्नास मांडली. म्या चालायला लागलो म्हणून एकावन्नावा माणूस कुठनं येणार? आभाळातनं पडणार? धन जास्त झालं म्हणतीस, तर ते जास्तीचं आलं कुठनं?"

मी सरांकडं पाहिलं. सरांचा घास हातात राहिला. "सवाल वाजिब है," ते पुटपुटले. वहीत हे नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. पंचवीस माणसं एका बाजूला आणि पंचवीस दुसऱ्या बाजूला भज्जी खायची थांबून माझ्याकडं पाहत होती. मी तळहात नाकाशी नेले, उगीचच. आंबट वास आला आणि डोळ्यांत पाणी आलं. अप्पांना माझी कीव आली असावी. "राहू दे," ते हळू म्हणाले. "एवढं सांगितलंस हेबी लई झालं." त्या शब्दांनी मी जास्तच खचले.

"तिकडं जास्त झालं, तर हिकडं कमी झालं आसंल की."

अव्वा बोलत होती. ती एव्हाना टोकाला वळून समोरच्या ओळीनं वाढत परत येत होती.

"काय म्हणतीस?" अप्पांनी विचारलं.

"तुमी त्या वळीनं खाली चालताव. म्या हिकडनं वर येतीया. तुमच्या नजरंला बसलेली माणसं मागं जात्यात, अन् म्या तर त्यांच्यापरीस जोरात मागं जातीया. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग जोरात जाणारं जास्त आखडणार. ह्या वळीत वाढणाऱ्या दाट अन् माणसं पातळ. तिकडं जेवढी माणसं वाढली, तेवढ्या हिकडं वाढणाऱ्या वाढल्या. एकूण सारखंच की. वळ एकच हाय, नुस्ती वाकलीया." एवढं बोलून तिनं पुढच्या द्रोणात आंबिल ओतली.

पंगतीतून अर्ध्यावर उठू नये असा आमच्याकडं कडक रिवाज आहे. वामनराव सर उठले. उष्टा हात तसाच. "नीला, दुसरी पट्टी! जोडणी उलटी केली तेव्हा पट्ट्या लांब का गेल्या? समोरून येणारी रांग! तिथं ऋण जास्त, आणि ऋणाला ऋण ढकलणार! वहिनी, हैदराबादला मी हे दोन वर्षं शिकलो. मला हे कुणी सांगितलं नाही."

"बसा की मास्तर," अव्वा संकोचून म्हणाली. "भज्जी निवतीया."

इथं थोडं थांबते. पुढं मी तीसबत्तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलं. फळ्यावर सूत्रं लिहिली, पण पहिला तास कायम पंगतीचा. आणि दरवर्षी मुलांना अप्पांचा प्रश्न विचारला: जास्तीचं आलं कुठून? हुशार मुलंमुली होती. कुणी आठवड्यानं उत्तर आणलं, कुणी आणलंच नाही. कमरेवर बिंदगी घेऊन, एकदाच ऐकून, दहा पावलांत उत्तर देणारं मला पुन्हा कुणी भेटलं नाही. ती शिकली असती तर काय झाली असती, असं लोक हळहळत विचारतात. मला हळहळायला वेळ होत नाही, कारण तिची आठवण आली की आधी हसू येतं. दर येळवशीला मी सोलापूरहून जायचे आणि त्या वर्षी जे शिकले ते तिला सांगायचे. ती भाकरी थापत ऐकायची आणि मधेच असं काही विचारायची की मला परत जाऊन ग्रंथालयात बसावं लागायचं. "तुला न्हाय कळायचं" हे वाक्य मी पुन्हा तिलाच काय, कुणालाच म्हटलं नाही.

आणि एक गोष्ट मला त्या दिवसापासून पटली. पंगतीच्या डोक्याशी उभा असलेला माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच सगळं सारखं दिसतं. वाढणारीही खोटं बोलत नसते. दोघांचं भांडण इतकी वर्षं चाललं ते कुणीच खोटं नव्हतं म्हणून. ते मिटायला एकानं उठून चालावं लागतं, एवढंच.

अप्पांचं सांगायचं राहिलं.

सर हात धुवायला गेले तरी अप्पा दोन्ही ओळींच्या मधे उभेच होते. एकदा या ओळीकडं पाहत, एकदा त्या. मग ते अव्वाकडं गेले आणि तिच्या कमरेवरची बिंदगी ओढून घेतली.

"आवो, हे काय?"

"तू बस. मला मोजायचंय." आणि त्यांनी तिला पुरुषांच्या ओळीत, पंगतीच्या डोक्याशी, जे पान ते कायम स्वतःसाठी राखून ठेवायचे त्या पानावर बसवलं. थोरल्या चुलत्यांनी खाकरून घेतलं. बाकीचे सगळे आपापल्या पत्रावळीत काहीतरी हरवल्यासारखे खाली बघायला लागले. मला त्यांनी नजरेनंच तिच्या शेजारी पान मांडून बसायला सांगितलं, आणि काकूनं दोन्ही पानांवर चुलीवरची भज्जी वाढली.

मग पंगतीचे कारभारी आंबिल वाढायला निघाले. काय वाढलं म्हणावं! निम्मी द्रोणात, निम्मी लोकांच्या मांडीवर. इकडून कुणी "अप्पा, हिकडं," तिकडून कुणी "अप्पा, मीठ." वळता वळता रुमाल सुटला, तो खांद्यावर टाकला. एका ओळीनं गेले आणि दुसऱ्या ओळीनं परत आले. आमच्यापाशी पोचले तेव्हा घामानं निथळत होते आणि बिंदगीत तळाला थोडीशी आंबिल उरली होती. ती त्यांनी माझ्या द्रोणात ओतली.

"लई माणसं हायती गं," ते धापा टाकत म्हणाले. आणि मग, जसं काही हे कधीचंच ठरलेलं होतं अशा आवाजात, "सोलापूरला मामाला कागद लिव. म्हणावं, पोरगी येतीया शिकायला."

मी अव्वाकडं पाहिलं. मला वाटलं ती रडेल, निदान काही बोलेल. तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. आजवर प्रत्येक येळवशीला सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं खात आलेली माझी अव्वा समोरच्या वाफाळत्या पानावरून दुसरा घास उचलत होती.

"भज्जी ऊन ऊन लई चांगली लागती की," ती म्हणाली.